बालवर्गात प्रकल्प करायचा तर आधी थर्माकोल बाहेर काढा

रात्री साडेनऊला स्टेशनरीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलेलं असतं आणि कुणाचा तरी बाबा वाकून आत विचारतो, "थर्माकोल आहे का हो? उद्या पोराचा प्रोजेक्ट आहे." सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, तरी कुठून तरी तुकडा निघतोच. मग आई कापते, बाबा चिकटवतात, मोठी बहीण स्केचपेनने 'जलचक्र' लिहिते आणि ज्याचा प्रोजेक्ट, तो पाच वर्षांचा गडी बोटांवरचे फेविकॉलचे पापुद्रे सोलत झोपी जातो. त्या रात्री तो काही शिकला असेल तर फेविकॉल वाळतो कसा, एवढंच. खरं तर तेवढ्यावरसुद्धा आठवडाभराचा चांगला प्रकल्प झाला असता.

मी कराडजवळच्या गावात बालवर्गाचा मोठा गट घेते. पाच वर्षांच्या आगेमागची मुलं, त्यात शेतकऱ्यांची, मजुरांची, थोडी नोकरदारांची. खाली सांगते ती रीत अशा वर्गातली आहे. शहरात ती तशीच चालते, फक्त माती विकत आणावी लागते.

प्रकल्प म्हणजे वस्तू करून आणणं नव्हे. एकच गोष्ट तीन-चार आठवडे धरून ठेवायची, तिला रोज हात लावायचा, तिच्याबद्दल विचारायचं, खटपट करायची. त्यातून जे उरेल ते उरेल. आणि बाईंनी शक्य तितका वेळ आपले हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. यातलं सगळ्यात अवघड काम हेच आहे, बाकी सगळं सोपं.

विषय निवडताना

मी विषय तीन चाळण्यांतून काढते. पहिली, तो हातात घेता यायला हवा. दुसरी, तो आपला आपण बदलायला हवा: उगवायला, आंबायला, वाळायला, वितळायला हवा. म्हणजे रोज सकाळी मुलांना पाहायला जायला कारण राहतं. तिसरी, तो शाळा सुटल्यावर घरी, रस्त्यात, शेतात पुन्हा भेटायला हवा. मेथी तिन्ही चाळण्यांतून खाली उतरते. मटकीला मोड आणणं, दह्याचं विरजण, चिंचा, माती, मुंग्या, पावसाचं पाणी, भाकरी, कोपऱ्यावरचं किराणा दुकान, हेही उतरतात. सौरमाला वरच अडकते. डायनासोरही अडकतो. कुणाला डायनासोरचं वेड असेल तर त्याला चित्रं द्या, गोष्टी सांगा, मजा करू दे. पण शनीची कडी हातात घेता येत नाहीत आणि पाच वर्षांच्या मुलाला त्याबद्दल काही शोधून काढता येत नाही. फक्त ऐकून घ्यावं लागतं. ऐकून घ्यायला पुढे आख्खी शाळा पडली आहे.

ही काही माझी अक्कल नाही. गुजरातेतले बालशिक्षक गिजुभाई बधेका यांनी भावनगरला 1920 मध्ये बालमंदिर काढलं, ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे 1945 मध्ये ताराबाईंनी पालघरकडच्या बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ सोबत आल्या, मग काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. इटलीच्या माँटेसोरीबाईंच्या पद्धतीतली लाकडी साधनं तिथे परवडणार नव्हती. त्यांनी खडे, बिया, शंख-शिंपले, पानं, काड्या वापरल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. आज तयार 'अॅक्टिव्हिटी किट' मागवणाऱ्यांनी हे एकदा आठवून बघावं.

मेथीचा वाफा

एक प्रकल्प पुरा सांगते, बाकीचे तुम्ही त्यावरून बेतू शकाल.

बी किराणा दुकानातून आणा, म्हणजे फोडणीचेच मेथीदाणे. कृषी केंद्रातलं बी नको. पुष्कळदा त्याला औषध लावलेलं असतं आणि वर गुलाबी-हिरवा रंग असतो. मुलं बी तोंडात घालणारच हे धरून चालायचं. घरचा मेथीदाणा गेला पोटात तर तोंड कडू होण्यापलीकडे काही होत नाही.

पहिल्या दिवशी पेरू नका. बशीत दाणे द्या आणि मुकाट बसा. मुलं ते सरकवतील, मोजतील, वास घेतील, एखादं चावेल आणि शेजारच्याला मुद्दाम चावायला लावेल. अर्ध्या तासानं विचारा, "याच्या आत काय असेल?" जे उत्तर येईल ते मोठ्या कागदावर त्याच्याच शब्दांत लिहा, दुरुस्त न करता. "आत पिवळं पीठ आहे." "आत बाळ-मेथी झोपलीय." "काय नाय, नुसतं कडू." हा कागद भिंतीवर मुलांच्या उंचीला लावा. आपल्या उंचीला लावलेला कागद तपासायला येणाऱ्या साहेबांसाठी असतो.

माती तयार करायचं काम मुलांचंच. ढेकळं फोडायला लहान दगड द्या, चाळायला जुनी पिठाची चाळणी. शेणखत आणि माती कालवताना निम्मा वर्ग नाक धरतो आणि निम्मा कोपरापर्यंत हात घालतो. दोन्ही ठीक. भांडी म्हणून दह्याचे मोठे डबे, फळांचे खोके किंवा फुटकी घमेली चालतात. तळाला भोकं मात्र मोठ्यांनी पाडून द्यायची.

आता पेरणी. मेथीबरोबर एका डब्यात धनेही पेरा. धने नुसते पेरत नाहीत, रगडून त्यांच्या दोन डाळी वेगळ्या करतात. हे काम मुलांना चपलेच्या तळव्यानं किंवा लाटण्यानं करायला फार आवडतं. मेथी तीन-चार दिवसांत वर येते, कोथिंबीर आठ-दहा दिवस, कधी त्याहून जास्त वाट पाहायला लावते. हे आधी सांगायचं नाही. पाचव्या दिवशी मेथीचा डबा हिरवा आणि धन्याचा तसाच काळा असतो, तेव्हा वर्गात जी खडाजंगी होते तीच आपल्याला हवी असते. "धने मेले." "धन्यांना पाणी कमी पडलं." "माझी आजी म्हणती, थांब जरा." कुणाचं खरं ते बाईंनी सांगायचं नाही. धनेच सांगतील.

पेरताना प्रत्येक खोक्यात एक कोपरा काडीनं आखून वेगळा ठेवा. त्याचं नाव 'उकरायचा कोपरा'. मुलं बी उकरून बघतात, बघणारच. ओरडून काही उपयोग नाही, तुमची पाठ वळली की उकरतील. त्यापेक्षा एक कोपरा त्यासाठीच द्या, तिथे रोज दोघांनी एकेक दाणा काढून पाहायचा. माझ्याकडे एक मुलगा दिवाळीपर्यंत वर्गात तोंड उघडत नसे. घरी बडबडतो म्हणायचे, इथे गप्प. तो रोज या कोपऱ्यापाशी उकिडवा बसायचा. एका सकाळी बोटाच्या टोकावर दाणा घेऊन माझ्यापाशी आला. दाण्याची साल एका बाजूनं उकलली होती आणि तिथून पांढरं, नखाएवढं टोक बाहेर आलं होतं. म्हणाला, "बाई, आधी पाय निघतोय." मी कागदावर लिहिलं: आधी पाय निघतो. त्याला वाचता येत नव्हतं, पण ती ओळ आपली आहे हे त्याला पक्कं कळलं. दुपारपर्यंत त्यानं तीन जणांना नेऊन ती दाखवली होती.

पाय सगळ्यांना दिसावा म्हणून एक काचेचा ग्लास घ्या. आत कडेनं ओला टिपकागद किंवा जाड सुती फडकं बसवा आणि काच व कागद यांच्या मधे दाणे खोचा. मूळ खाली जाताना काचेतून दिसतं. मूळ बोटभर झालं की ग्लास आडवा करून ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुळाचं टोक वळून पुन्हा खाली निघालेलं दिसतं. "त्याला खाली कुठाय ते कसं कळतं?" असं कुणी विचारलं तर त्याच्या हातात लगेच उत्तर कोंबू नका. पुन्हा फिरवून बघू म्हणा. मुलं ग्लास इतक्यांदा फिरवतात की मूळ बिचारं पार नागमोडी होतं.

एका डब्यावर बादली पालथी घाला. आतली मेथी पिवळी, लांबुडकी, मान टाकलेली येते. बादली उचलल्यावर जो आरडाओरडा होतो तो शेजारच्या वर्गाला त्रासदायक असतो, त्यांच्या बाईंना आधी सांगून ठेवा.

पानांकडेही लक्ष वेधा, पण बोट दाखवून नाही. "काल होती तशीच पानं आहेत का सगळी?" एवढंच विचारायचं. आधी दोन गुबगुबीत पानं येतात, मग एक एकटं गोल पान, आणि त्यानंतर आपली ओळखीची तीन-तीन पानांची मेथी. हे मोठ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसतं. एकदा कळल्यावर मुलं घरच्या ताटातली भाजी उलगडून बघतात आणि आयांच्या तक्रारी येतात. या तक्रारी आनंदानं ऐकाव्यात.

मोजायला पट्टी नको. रोज एका रोपाशेजारी कागदाची पट्टी उभी धरायची, रोपाएवढी कापायची आणि भिंतीवरच्या रेघेवर ओळीनं चिकटवायची. आठवड्यात जिना तयार होतो. शनिवार-रविवारची जागा मोकळी सोडा. सोमवारची पट्टी एकदम उंच असते आणि "आपण नव्हतो तरी वाढली" हा शोध कुणाला तरी लागतोच.

पाण्याचं सांगायला हवं. पंचवीस मुलं, पंचवीस वेळा पाणी, की वाफ्याचं डबकं होतं. रोज दोन पाणके नेमा आणि चहाचा एक छोटा कप द्या, त्यावर बोलणं नाही. तरीही एखादा डबा कुजतोच. असा डबा रात्री गुपचूप बदलून ठेवायचा मोह होतो. तसं करू नका. कुजलेली रोपं ताटलीत काढा, वास घेऊ द्या, मुळं काळी का पडली यावर बोलू द्या. शेजारचा ठीक असलेला डबा आहेच की तुलनेला.

वाफा बहरला की बाजार. आम्ही मंडईत गुरुवारी जातो. त्या दिवशी गर्दी असते, पण भाजी ताजी असते. जाण्यापूर्वी मुलांकडून प्रश्न काढून घ्या, एकेकानं एकच विचारायचा. "एका जुडीत किती मेथ्या?" "उरलेली भाजी तुम्हीच खाता का?" "तिला सारखं पाणी का मारता?" भाजीवाल्या मावशींना आदल्या दिवशी जाऊन सांगून ठेवा, नाहीतर ऐन धंद्याच्या वेळी त्यांना त्रास. आमच्या मावशींनी मुलांच्या हातात तराजू दिला आणि मेथीची जुडी एका पारड्यात ठेवून दुसऱ्यात बटाटे टाकायला लावले. एवढी मोठी दिसणारी जुडी दोन-चार बटाट्यांत वर उचलली जाते, हे बघून पोरं थक्क. वर्गात आल्यावर हॅंगर, सुतळी आणि दोन डबे यांचा तराजू करून आठवडाभर जे हाताला लागेल ते तोललं.

तीन-चार आठवड्यांनी कापणी. मुलं पानं निवडतात, आणि हे काम हलकं समजू नका. चिमटीत देठ धरून पान खुडणं म्हणजे पेन्सिल धरण्याची तालीमच. मग कणीक-बेसनात पानं, तीळ, मीठ कालवून थालीपीठ. कालवणं आणि थापणं मुलांचं, तव्यापाशी फक्त मोठी माणसं. घरी मेथी बघून नाक मुरडणारं पोर इथे दुसऱ्यांदा मागतं. सगळी नाही, काही पोरं शेवटपर्यंत मुरडतातच.

विचारायचं कसं

"आज काय शिकलात?" या प्रश्नाला मुलं एका सुरात उत्तर देतात आणि त्या सुरात विचार नसतो. त्याऐवजी: "तुला काय वाटतं?", "तुला कसं कळलं?", "नाही आलं तर?" विचारून झाल्यावर गप्प राहा. मनात दहा आकडे मोजा. चार-पाचपर्यंत मोजतानाच आपल्याला घाई होते, आणि मूल बरोबर आठाला बोलणार असतं.

आणि ऊठसूट 'शाब्बास' म्हणणं थांबवा. मूल दाणा दाखवायला आलं की दाण्याकडे बघा, त्याच्या डोक्यावर हात फिरवू नका. "अरे, याची साल कुठे गेली?" हे त्याला शाब्बासपेक्षा जास्त लागतं. नाहीतर ते दाणा सोडून तुमचं तोंड बघायला लागतं.

बेंदराचे बैल

आमच्याकडे आषाढात बेंदूर असतो, काही भागांत श्रावणात पोळा. मातीचे बैल करायचा हा ठरलेला प्रकल्प, आणि बाईंच्या हातांची खरी परीक्षा. बाजारातला सुबक बैल समोर ठेवून "असा करा" म्हटलं की संपलं. पाचजण रडतात, बाकीचे बाईंकडून करून घेतात. नमुना ठेवू नका. खरा बैल बघायला न्या. कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात असतोच. वशिंड कुठे आहे, शिंगं कानाच्या पुढे की मागे, मागचे पाय कुठे मोडतात, हे बघून या. मग माती.

पहिल्या बैलाचे पाय काडीसारखे आणि धड हे एवढं. पाय वाकतात, बैल बसतो. तुमचा हात पुढे जाईल. जाऊ देऊ नका. कुणी बैलाला बसलेलाच ठेवतं, कुणी पोटाखाली मातीचा खांब देतं, कुणी पाय जाड करतं. खांबवाल्यांना "बैलाला पाच पाय असतात का?" असं चिडवायला इतर मुलं समर्थ असतात, आपण त्यात पडू नये. सावलीत वाळवा, उन्हात तडकतात. तडकले तर त्याचाही विषय करा.

काय जवळ ठेवायचं, काय नाही

करवंट्या, बाटल्यांची झाकणं, चिंध्या, सुतळी, जुन्या लग्नपत्रिका, चिंचोके, कवड्या, चाळणी, वेगवेगळ्या मापांचे डबे. वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून मागवले तर पैसा लागत नाही. भिंग मात्र चांगलं घ्या.

गुंजा, एरंडाच्या आणि धोतऱ्याच्या बिया कितीही सुंदर असल्या तरी वर्गात नकोत, विषारी असतात. खेळण्यांतली, घड्याळांतली बटणासारखी बॅटरी तर मुळीच नको, गिळली तर अन्ननलिका भाजते. वाटाणा-हरभरा मोजायला देताना वर्गावर नजर ठेवा. या वयात नाक हीसुद्धा एक जागा वाटते. दाणा अडकलाच तर बोट किंवा चिमटा घालून काढायला जाऊ नका, तो आणखी आत जातो. सरळ डॉक्टर. मातीनंतर साबणानं हात, हे सांगायला नकोच.

"पण बाई, हिला अजून शंभरापर्यंत येत नाही"

पालकसभेत हे येतंच, आणि चिडून उपयोग नाही. शेजारच्या इंग्रजी शाळेतली पोरं वह्या भरतायत, आपलं पोर चिखल करतंय, असं आईला दिसतं. तिची भीती खरी असते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं 3 ते 8 वर्षांचा टप्पा पायाभूत म्हणून एकत्र धरला, 2022 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंही या टप्प्यात खेळाला मधोमध ठेवलं. हे मी सांगते, पण धोरणानं आईचं समाधान होत नाही. मग मी पट्ट्यांचा जिना दाखवते आणि तिच्याच मुलीला विचारते, "मंगळवारची पट्टी सोमवारच्यापेक्षा किती बोटं मोठी?" पोरगी बोटं लावून सांगते. जुड्या मोजल्या, त्यांचे पाच-पाचचे गठ्ठे केले, डब्यांवर 'मेथी' आणि 'धने' लिहिलं, बाजारात सुटे पैसे परत घेतले, हे सगळं दाखवते. अंक आणि अक्षरं कामासाठी लागली म्हणून आली. शंभरापर्यंतची पाठ घोकंपट्टी पुढे महिन्याभरात होते. त्यासाठी मेथी सोडायची गरज नाही.

घरी करायचं असेल तर एवढंच पुरे: खिडकीत एक दह्याचा डबा, मूठभर दाणे, रोज पाच मिनिटं. पुण्यातला फ्लॅट असो की न्यू जर्सीची थंडी, मेथी खिडकीत उगवते. फक्त फोटो काढायला मुलाला डब्याशेजारी उभं करू नका. फोटो काढायचाच तर मुलाला मोबाइल द्या आणि त्याला काय महत्त्वाचं वाटतं ते बघा.

कधी थांबायचं

मुलं वाफ्याकडे वळेनाशी झाली की थांबा. वेळापत्रकात आठवडा उरलाय म्हणून ओढू नका. शेवटी आज्यांना बोलवा, आयांच्या आधी आज्यांना. त्या खरे प्रश्न विचारतात आणि पोरांच्या उत्तरांना हसत नाहीत. भाषण पाठ करून घेऊ नका. मूल खोक्यापाशी उभं राहील आणि सुचेल ते सांगेल. चार-सहा रोपं न कापता ठेवलीत तर पुढे फुलं, मग बारीक लांब शेंगा येतात, आणि तोवर मुलांचा नवा काहीतरी उद्योग सुरू झालेला असतो.

पुढचा विषय शोधत बसू नका, तो बहुधा वर्गातच असतो. थालीपिठाच्या चुऱ्याला मुंग्या लागल्या की मुलं भिंतीच्या कडेनं त्यांच्या मागे मागे निघतात. झाडायला येणाऱ्या मावशींना जरा थांबायला सांगा, एका बाजूला साखर आणि दुसऱ्या बाजूला गुळाचा खडा ठेवा आणि विचारा, आधी कशाला लागतील?